दार किती उघडायचे?

झाशीच्या जुन्या शहराला तटबंदी आणि तटबंदीला दरवाजे. खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, सागर, लक्ष्मी, सैंयर, भांडेरी... ही नावे आजही तिथल्या लोकांच्या पत्त्यांत येतात. या तटाच्या आत बडा बाजार आहे. अरुंद गल्ल्या, खाली दुकाने, वर घरे. अठराव्या शतकात पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारोशंकर इथे आले. नाशिकच्या घंटेमुळे महाराष्ट्राला माहीत असलेले तेच हे नारोशंकर. पुढे नेवाळकर आले, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, भटजी, वैद्य अशी मराठी कुटुंबे येत गेली. त्यांतली कित्येक कायमची झाशीकर झाली. घरात मराठी आणि गल्लीत बुंदेली, अशी त्यांची दोन्हीकडे सारखीच ऊठबस.

त्या काळचे मराठी वाडे, मग ते झाशीतले असोत, पुण्यातले असोत की नाशिकचे, नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. रस्ता आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये अनेक टप्पे असत. रस्त्याला लागून ओटा. मग मोठा दरवाजा आणि त्याच्याच पोटात, माणूस वाकून आत येईल एवढा दिंडी दरवाजा. आत देवडी, पुढे चौक, चौकाला लागून ओसरी, ओसरीमागे माजघर आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर व देवघर. कल्हईवाला भट्टी लावायचा ती ओट्याखाली. बोहारणीचा सौदा चालायचा देवडीत. कासार बांगड्या भरायला बसायचा ओसरीवर. माजघरापर्यंत यायचे ते सोयरेधायरे. कोणाला कुठवर येऊ द्यायचे हे घराची रचनाच ठरवून देत असे. त्यामुळे 'तुमच्यावर विश्वास नाही' असे कोणाच्या तोंडावर म्हणण्याची पाळी घरातल्या बाईवर येत नसे. या रचनेत जातीपातीचा भेदही भरलेला होता आणि तो गेला हे चांगलेच झाले. पण भेदाबरोबर टप्पेही गेले.

आजच्या घरात काय होते? बेल वाजते. दार उघडले की बाहेरच्या माणसाला एका नजरेत दिवाणखाना दिसतो, टीव्ही दिसतो, आत स्वयंपाकघरात कोणी आहे की नाही ते कळते, गादीवर झोपलेले मूल दिसते आणि उघड्या राहिलेल्या कपाटाची किल्लीही दिसते. ओटा, देवडी, ओसरी हे सगळे त्या एका फळीत आले आहे. मग आपल्या हाती दोनच गोष्टी उरतात. एक तर दार सताड उघडायचे, नाहीतर तोंडावर आपटायचे. दारावरच्या बहुतेक फसवणुकी पहिल्यामुळे होतात आणि अपमान दुसऱ्यामुळे. वाड्याने दिलेले टप्पे आता आपल्या सवयींनी उभे करायचे आहेत, एवढाच खरा प्रश्न.

दारावर येणारा लबाड माणूस सहसा कडी तोडत नाही. आपणच कडी काढावी अशी तो वेळ आणतो. बुंदेलखंडाला हे तंत्र जुनेच आहे. १८३० च्या दशकात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांविरुद्ध मोहीम चालवली आणि १८३६ मध्ये त्यांच्या सांकेतिक भाषेचा कोश छापला. त्या कोशात 'सोथा' असा एक शब्द आहे. सोथा म्हणजे वाटसरूशी गोड बोलून, त्याच्याशी ओळख काढून त्याला टोळीत आणणारा माणूस. गळ्याला फास लावणारा वेगळा असे. आधी सोथ्याचे काम फत्ते झाल्याशिवाय त्याला संधीच मिळत नसे. आजच्या दारावर जो येतो तो हाच सोथा. त्याच्या हातात शस्त्र नसते. असते ती पावडरची पुडी, ओळखपत्र, वही, कधी देवाचा अंगारा.

पावडरच्या पुडीचे उदाहरण घेऊ. झाशी असो, सांगली असो की ठाणे, हा प्रकार जवळजवळ ठरलेल्या क्रमाने चालतो. दुपारची वेळ, नीटनेटके कपडे घातलेले दोन तरुण. "कंपनीची नवीन पावडर आहे, विकायची नाही, फक्त दाखवायची." आधी पितळेची समई फुकट उजळून देतात. ती झळकते. मग चांदीचे पैंजण. तेही लखलखतात. आतापर्यंत बाईंनी दोनदा 'हो' म्हटलेले असते, म्हणून तिसऱ्या वेळी हातातल्या बांगड्या निघतात. कधी त्या बांगड्या अशा द्रावणात बुडवतात, ज्यात नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेले असते. नुसत्या नायट्रिक आम्लात सोने विरघळत नाही, पण साधारण एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक अशा मिश्रणात ते विरघळते. बांगडी चमकते खरी, पण काही ग्रॅमने हलकी होऊन, आणि विरघळलेले सोने भांड्यात तसेच राहते. ते नंतर वेगळे काढता येते. कधी याहूनही सोपी युक्ती असते. बांगड्या हळदीच्या पाण्यात टाकून डबा बंद करायचा आणि सांगायचे, "वीस मिनिटे उघडू नका, रंग जाईल." वीस मिनिटांनी डब्यात खडे निघतात आणि पाहुणे स्टेशनवर पोहोचलेले असतात.

यावर उपाय साधा आहे. घरचे सोने कोमट पाण्यात, सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने साफ होते. त्याहून जास्त काही हवे असेल तर ओळखीचा सराफ असतो, जो आधी वजन करतो, मग काम करतो आणि पुन्हा वजन करून देतो. दारावर आलेल्या माणसाच्या हाती सोने द्यायचे नाही. या नियमाला अपवाद ठेवला की तो नियम राहत नाही.

दुसरा प्रकार हुद्द्याचा. गणवेश, शिक्का, इंग्रजी बोलणे आणि थोडी दमदाटी यांपुढे शिकलेली माणसेही नमतात. याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण मुंबईचे आहे. १९ मार्च १९८७ रोजी ऑपेरा हाऊसजवळच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी या पेढीवर 'सीबीआयची धाड' पडली. धाड घालणाऱ्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, मुलाखती घेऊन, तरुण उमेदवार नोकरीवर घेतले होते. आपण खरेच सरकारी अधिकारी झालो, असाच त्या मुलांचा समज होता. दागिने 'नमुने' म्हणून सीलबंद झाले, म्होरक्या ते घेऊन निघून गेला आणि तो कधीच सापडला नाही. २०१३ चा 'स्पेशल २६' हा चित्रपट याच घटनेवर बेतलेला. एवढी मोठी पेढी, एवढे नोकरचाकर, पण 'आधी तुमच्या कार्यालयाला फोन लावतो' हे वाक्य वेळेवर कोणाला सुचले नाही. मग दुपारी एकट्या असलेल्या गृहिणीला ते सुचले नाही तर नवल कसले?

म्हणून कायदा काय म्हणतो हे ठाऊक असावे. घराची झडती घ्यायची तर पोलिसांनी परिसरातले दोन पंच बोलवावे लागतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडतीचे चित्रीकरणही करावे लागते. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट वाचता येईल अशी पट्टी हवी. अपवादात्मक प्रसंग सोडले तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचा झाला तरी महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. चौकशीसाठी साक्षीदार म्हणून बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरीच विचारावे लागते. हे शांतपणे बोलून दाखवले तर खरा पोलीस रागावत नाही आणि खोटा थांबत नाही. हल्ली हा खोटा अधिकारी दाराऐवजी फोनच्या पडद्यावरही येतो आणि 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगतो. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

तिसरा प्रकार झाशी, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा अशा ठिकाणच्या मराठी कुटुंबांना विशेष लागू पडतो. परमुलखात कोणी दारात येऊन शुद्ध मराठीत 'काकू' अशी हाक मारली की अर्धे दार तिथेच उघडते. "आम्ही पंढरपूरचे. तीर्थयात्रेला निघालो होतो, गाडीत पाकीट मारले." भाषा हीच ओळख वाटते. ही ओढ आजची नाही. १८५७ साली पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर उत्तरेत निघाले ते दक्षिणेच्या आशेने. ते फिरत फिरत झाशीत आले आणि १८५८ च्या वेढ्यात तिथेच अडकले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'माझा प्रवास' म्हणूनच झाशीची मोलाची साक्ष ठरला. अशा वाटसरूंना मराठी घरांतून थारा मिळे, पण तो निव्वळ मराठी बोलण्यावर मिळत नसे. गाव कोणते, कोणाकडचे, वाटेत कोणाकडे उतरलात, कोणाची चिठ्ठी आहे, असे प्रश्न सहज गप्पांत विचारून होत आणि उत्तरे गावातल्या चार माणसांकडून पडताळली जात. आदरातिथ्य होते आणि चौकशीही होती. आज आपण त्यातली चौकशी सोडून देतो आणि आदरातिथ्य तेवढे ठेवतो.

अडल्या माणसाला मदत जरूर करावी. भूक लागली असेल तर पोळीभाजी द्यावी. पाकीट गेले असेल तर झाशीचे स्टेशन हे मोठे जंक्शन आहे. तिथे रेल्वे पोलीस आहेत, १३९ हा मदत क्रमांक आहे. फार तर स्वतः बरोबर जाऊन तिकीट काढून द्यावे. खरा अडलेला माणूस याने सुखावतो. रोख पैशांवरच अडून बसणारा माणूस मात्र आपला व्यवसाय सांगून जातो.

आता त्या हरवलेल्या टप्प्यांकडे वळू. पहिला टप्पा, दार न उघडता बोलणे. त्यासाठी दाराला भिंग आणि साखळी, आणि शक्य असेल तर बाहेरून जाळीचा दुसरा दरवाजा हवा. जाळीचा दरवाजा हाच आजचा दिंडी दरवाजा. त्यातून बोलता येते, कागद घेता येतो, पाण्याचा पेला देता येतो. पाणी आणायला आत जाताना आतले दार लावून जावे. दोघांतला एक पाणी मागतो आणि दुसरा तेवढ्यात आत शिरतो, ही जुनीच चाल आहे.

दुसरा टप्पा, काम विचारणे. 'तुम्ही कोण' यापेक्षा 'काम काय आणि कोणी पाठवले' हा प्रश्न जास्त उपयोगी. गॅसची तपासणी असेल तर आपला वितरक कोण, ग्राहक क्रमांक काय, हे त्याने सांगायला हवे. आपण सांगायचे नाही. पैसे घेणार असेल तर छापील पावती हवी.

तिसरा टप्पा, पडताळणे. फोन करायचा तो आपल्याजवळच्या क्रमांकावर, म्हणजे वीजबिलावर, गॅसच्या पुस्तकावर, बँकेच्या पासबुकावर छापलेल्या. त्याने दिलेल्या क्रमांकावर त्याचाच साथीदार बोलतो. फोन होईपर्यंत त्याला बाहेर थांबवायचे आणि तसे सांगायचे, "जरा थांबा हं, विचारून घेते." इथेच बहुतेकांचा निकाल लागतो. खऱ्या माणसाला रोज पन्नास दारांत थांबायची सवय असते. खोट्याला घाई असते. 'आत्ताच सही करा', 'आजची शेवटची तारीख आहे', 'साहेब खाली गाडीत बसलेत' या सगळ्या वाक्यांचा अर्थ एकच, तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये.

चौथा टप्पा शेजार. जुन्या बाजारपेठेत खालच्या दुकानदाराला वरच्या घरात कोण गेले ते आपोआप कळते. वसाहतींमध्ये हे जाणूनबुजून करावे लागते. शेजारणीला हाक मारणे, "अगं, तुझ्याकडेही गॅसवाले आले होते का?" एवढे मोठ्याने विचारणे, हाच पुष्कळदा उत्तम पहारा. घरात एकटे असलो तरी 'आत कोणी नाही' असे सांगू नये, आणि मुलांनाही ते शिकवावे. प्रसंग ओढवलाच तर ११२ हा क्रमांक देशभर चालतो. गॅसगळतीची शंका असेल तर १९०६.

सगळ्यात जास्त जपायला हवे ते वृद्धांना. बडा बाजारातल्या काय किंवा सदाशिव पेठेतल्या काय, कित्येक जुन्या घरांत आता दोनच म्हातारी माणसे उरली आहेत. मुले नोकरीला दूर. अशा घरी दुपारी आलेला विक्रेता पंधरा मिनिटे गोड बोलतो, गुडघ्यांची विचारपूस करतो. त्या दिवशी दुसरे कोणी तेवढे बोललेलेही नसते. म्हातारी माणसे फसतात ती बुद्धी कमी झाली म्हणून नव्हे, त्यांच्याकडे बोलणारे माणूस आले म्हणून. रोज संध्याकाळी मुलाचा एक फोन हे घरच्या कुलपापेक्षा मोठे संरक्षण आहे. आणि फसवणूक झालीच तर त्यांना रागावू नये. "एवढे कसे कळले नाही?" हा प्रश्न एकदा कानावर आला की पुढच्या वेळी ती गोष्ट लपवली जाते. तक्रार होत नाही, शेजारी सांगितले जात नाही आणि तोच पावडरवाला दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीत निर्धास्त बेल वाजवतो. लाज वाटली पाहिजे ती त्याला.

एवढे वाचून दारावर येणारा प्रत्येक जण चोर वाटू लागला तर मात्र हाती काहीच लागले नाही असे म्हणावे लागेल. ठगांविरुद्धच्या मोहिमेतूनच माणसांच्या टोळ्याऐवजी अख्ख्या जमातींवर संशय घेण्याची सरकारी सवय बळावली. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा चिकटवला. स्वतंत्र भारतात, १९५२ मध्ये, तो कायदा गेला. संशय मात्र मनातून गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागत आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते, अशा अफवा मोबाईलवर पसरल्या होत्या. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या भरात मारले गेले. त्या ठिकाणी एकही टप्पा नव्हता. कोणी विचारले नाही, कोणी पडताळले नाही, कोणी थांबले नाही.

या दोन्ही चित्रांत एक विसंगती आहे. सोने घेऊन जातो तो इस्त्रीच्या कपड्यांतला, आणि मार खातो तो झोळीवाला. पोलिसाचा वेष घालून दारात खोटे वॉरंट वाचणारा बहुरूपी आपल्या आजीला हसवून दोन मुठी धान्य घेऊन जायचा. त्याचे सोंग सगळ्यांना कळत असे, कारण ते कळावे म्हणूनच केलेले असे. कपडे पाहून विश्वास ठेवणे आणि कपडे पाहून संशय घेणे ही एकाच चुकीची दोन टोके. पाहायचे ते काम, कागद आणि पावती.

दार बंदच ठेवले असते तर काय झाले असते, याचेही उदाहरण घरोघर आहे. १९९५ पासून पल्स पोलिओच्या मोहिमेत बायका-पुरुष कार्यकर्ते दारोदार फिरले. उत्तर प्रदेशात तर कित्येक घरांनी संशयाने दारे लावून घेतली. कार्यकर्ते भिंतीवर खडूने खूण करत. 'पी' म्हणजे घर पूर्ण झाले, 'एक्स' म्हणजे पुन्हा यायचे. 'एक्स'ची घरे पुन्हा पुन्हा गाठली गेली. शेजारच्या ओळखीच्या बाईला सोबत नेले, समजावले, तेव्हा दारे उघडली. २०११ च्या जानेवारीनंतर देशात पोलिओचा नवा रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. उन्हातान्हात बेल वाजवणारी आशा कार्यकर्ती, जनगणनेचा प्रगणक, कुरियरचा मुलगा, मीटर पाहणारा माणूस, यांनाही पोट आहे आणि मान आहे. जाळीच्या आडून ओळखपत्र मागताना आवाजात तुच्छता नको. 'बसा' म्हणता आले नाही तरी 'पाणी हवे का' असे विचारता येते.

आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून दहा मिनिटे काढावीत. दाराची साखळी नीट बसते का ते पाहावे. गॅस, वीज आणि जवळच्या पोलीस ठाण्याचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावेत. आजी-आजोबांना आणि शाळेतून लवकर येणाऱ्या मुलांना एक वाक्य पाठ करून द्यावे, "थांबा, विचारून सांगतो." मुलाने हे वाक्य एकदा दारामागून म्हणून पाहिले की त्याची भीड चेपते, आणि आजीचीही.